बक्कल नंबरचा चेंडू

ताई,

आईचा फोन आला होता. म्हणाली, "यंदा सण करू नकोस. तोरण नको, गोडधोड नको. हत्यारं तेवढी पूज." मी म्हटलं, "दुखवट्यात चालतं का?" तर म्हणते, "हत्यारांना कसला दुखवटा? ती उद्या कामाला लागणारच आहेत."  खरं तर दर खंडेनवमीला असा हुकूम सोडणारा फोन तुझा असायचा. तू कुठल्या तरी चौकात बंदोबस्ताला उभी, मागं ढोल, गाड्यांचे भोंगे, आणि तू ओरडून विचारणार, "रेश्मे, पूजलं का? कातर विसरली नाहीस ना?" पोलिसात भरती झाल्यापासून घरच्या पूजेला तू एकदाही नव्हतीस. तरी ती पूजा तुझ्याच देखरेखीखाली व्हायची.

तुला जाऊन महिना होत आला. यंदा तुझा फोन नव्हता, पण काही विसरले नाही. इथं जर्मनीत, हायडेलबर्गच्या या घरात जेवायच्या टेबलावर लाल कापड घातलं. त्यावर माझा लॅपटॉप, आईनं लग्नात दिलेली कातर, स्वयंपाकाची सुरी, सायकलची किल्ली, माझ्या मीराचा बेसबॉलचा ग्लव्ह. बाल्कनीतला झेंडू थंडीनं मान टाकायला लागला होता, त्यातलीच चार फुलं. आणि सगळ्यांच्या पुढं चार चेंडू. तीन आपल्या गावचे, विट्याचे, पिवळे पडलेले. चौथा पांढरा, त्याच्यावर तुझी सही.

लॅपटॉप आणि कातरीबद्दल आपलं कधीच दुमत नव्हतं. भांडण होतं ते चेंडूंवरून, आणि ते तू अर्धवट टाकून गेलीस. तू कधी कुठली केस अर्धवट टाकली नाहीस म्हणतात. मग माझीच बरी टाकलीस.

आणि निकाल मला लगेच द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी दसरा आणि शनिवार. मैदानावरचं मुलांचं यंदाचं शेवटचं ट्रेनिंग, त्यानंतर थंडीभर हॉलमध्ये. योआखिम तुला आठवत असेल, मीराच्या फेराइनचा, म्हणजे क्लबचा, म्हातारा कोच, तू ज्याला "साहेब" म्हणायचीस. त्याला मी तू गेल्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, क्लबच्या खोलीत काचेचं कपाट आहे, तुमचे चारही चेंडू तिथं ठेवू, तिच्या आठवणीसाठी. मला ते पटलं. मी लहानपणापासून जे म्हणत आले, तेच तर तो म्हणत होता. पण मीराला तो पांढरा चेंडू शनिवारी टाकायला हवा होता.

आता तू म्हणशील, यात विचार कसला करायचा. म्हणूनच सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंही. तुझी बाजू मांडायला तू नाहीस, तेव्हा तीही मलाच मांडावी लागणार.

आपल्या विट्यात बेसबॉल म्हणजे काय हे मोजक्याच लोकांना ठाऊक होतं. अप्पा त्याला इंग्रजी विटीदांडू म्हणायचे. शाळेतल्या खेळाच्या सरांनी कुठून तरी तो खेळ आणला आणि तुला पिचर केलं, कारण आंब्यावर तू मारलेला दगड चुकत नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांच्याच आंब्यावर. मग एका वर्षी मुलींच्या राज्यस्तरीय स्पर्धा आपल्याच शाळेच्या मैदानावर भरल्या. कोल्हापूर, पुणे, नागपूर, कुठून कुठून मुली आल्या. एकसारखे ट्रॅकसूट, डोक्यावर टोप्या. मी चौथीत होते. मला त्या सगळ्या टीव्हीतून उतरल्यासारख्या वाटल्या.

मला त्यांच्या सह्या हव्या होत्या. तू म्हणालीस, "सह्या काय मागतीस, चेंडू माग." पण गेलीसच की सरांकडं. शिवण उसवलेले, फेकून द्यायचे तीन चेंडू मागून आणलेस. चांभाराकडून मेण लावलेला काळा दोरा आणलास आणि उंबऱ्यावर बसून, दोन सुया घेऊन, ते शिवलेस. म्हणून आपल्या चेंडूंची शिवण अर्धी लाल, अर्धी काळी आहे. बॉलपेन चामड्यावर घसरायचं, तर अप्पांनी मागावरून ताग्यांवर खुणा करायचं पेन आणून दिलं. आख्ख्या घरानं मिळून माझा एक हट्ट पुरवला, असं त्या आधी कधी झालेलं मला आठवत नाही.

सह्या करणाऱ्या मुली लाजत होत्या. त्यांच्याकडं आजवर कुणी सही मागितलीच नव्हती. एकीनं नाव, शाळा, इयत्ता आणि तुकडी असं सगळं लिहिलं. कागलच्या कॅचरनं विचारलं, "माझी कशाला? मी कोण आहे?" तू माझ्या मागून म्हणालीस, "काल मला आऊट केलंस, ती." तेव्हा कुठं तिनं सही केली. नागपूरच्या एकीनं माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं आणि सहीच्या वर लिहिलं, "खूप शीक, खूप खेळ." मी त्यातलं निम्मं ऐकलं. दुसरं निम्मं तुझ्या वाट्याला गेलं.

मग आली खंडेनवमी. अप्पांची माग दुरुस्त करायची हत्यारं, आईची कातर, तुझी बॅट, सगळं मांडलेलं. आणि आईनं माझे तीन चेंडूही पाटावर घेतले आणि प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं उमटवली. ओली बोटं. कागलच्या कॅचरचं आडनाव हळदीत गेलं ते गेलंच. मी केवढी रडले होते. आई बिचारी विचारत होती, "देवाचं लावलं तर काय झालं?" आणि तू तिच्या बाजूला जाऊन बसलीस. "बरोबर आहे आईचं. हळदकुंकवाला सहीचा आणि बिनसहीचा असं काय असतंय का?"

त्या दिवसापासून आपलं भांडण. आपल्या घरचा नियम होता, नवमीला हत्यार पूजायचं, त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही, आणि दसऱ्याला ते हातात घ्यायचंच. थोडं का होईना, काम करायचंच. अप्पा माग चालू करून यायचे. आई एक तरी शिवण घालायची. तू शाळेच्या भिंतीवर चेंडू मारून यायचीस. आणि माझे तीन चेंडू हळदकुंकू घेऊन परत चकलीच्या डब्यात जायचे. तू दरवर्षी म्हणायचीस, "रेश्मे, तुझे चेंडू फुकट पूजा खातात. चेंडू काय ठेवायला असतो का? ठेवायला लुगडी असतात."

आता माझी बाजू. तुला मी ती कधी नीट सांगितली नाही, कारण तू पूर्ण ऐकायच्या आत हसायचीस. ताई, आपल्या घरात जे होतं ते सगळं वापरून संपवायचं होतं. साडी फाटली की तिची गोधडी, गोधडी फाटली की पुसणं. दप्तर तुझं, मग माझं, मग शेजारच्या पोराचं. नुसतं बघण्यासाठी ठेवलेली अशी एक वस्तू आपल्या घरात नव्हती. ते तीन चेंडू पहिले. ज्यांच्या घरी काचेची कपाटं असतात त्यांनीच वस्तू जपाव्यात आणि आपण फक्त झिजवाव्यात, हे मला चौथीतही मान्य नव्हतं आणि आजही नाही. म्हणून ते चेंडू होस्टेलला माझ्याबरोबर आले, पुण्याला आले आणि मग जर्मनीत आले. विमानतळावर तपासणीच्या बाईनं डबा उघडायला लावला, हुंगून बघितलं. चकलीचा वास अजून होता.

तू इथं आलीस तो उन्हाळा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रजा मंजूर होईना, व्हिसा मिळेना, शेवटी दोन्ही एकाच आठवड्यात झालं आणि तू आलीस ती आल्या आल्या विचारलंस, "पोरगी खेळते ते मैदान कुठाय?" किल्ला बघायचा नाही, नदी बघायची नाही. पंजाबी ड्रेस, त्याखाली तुझे पीटी परेडचे पांढरे बूट, अशी तू मैदानावर गेलीस. मुलं चेंडू टाकत होती, एक भरकटला, आणि तू तो नुसत्या हातानं धरलास. योआखिम "नाइन, नाइन" असं, म्हणजे नको नको, ओरडत धावत आला. त्याला वाटलं बाईंचा हात गेला. तू लालभडक तळवा त्याच्यापुढं धरलास आणि मला म्हणालीस, "साहेबांना सांग, आमच्याकडं ग्लव्ह अख्ख्या टीमला मिळून चारच होते. बाकीच्यांना देवानं दिलेले." मी भाषांतर केलं. तो हसला नाही. त्यानं तुझ्या हातात चेंडू दिला आणि पिचरच्या जागेकडं बोट केलं.

इतक्या वर्षांनी तू टाकलास तो. पहिला उंच गेला. दुसरा सरळ ग्लव्हमध्ये, असा आवाज झाला की पलीकडची मुलं वळून बघायला लागली. मीरा तुझ्याभोवती नाचायला लागली, "मावशी, नोखमाल. नोखमाल." तिला मराठी कळतं, पण तोंडातून जर्मनच येतं. तू मला विचारलंस, "काय म्हणतीय?" मी म्हटलं, "अजून एकदा." तेवढा एक जर्मन शब्द तू विट्याला घेऊन गेलीस. आई सांगते, घरी चहा संपला की कप पुढं करून म्हणायचीस, "नोखमाल."

त्या संध्याकाळी मीरानं फेराइनकडून मिळालेला नवा कोरा चेंडू तुझ्यापुढं धरला आणि सही मागितली. मी बाजूलाच, चहा करता करता बघत होते. तू आधी लाजलीस, त्या कागलच्या कॅचरसारखीच. मग खिशातून चष्मा काढलास, टेबलाशी ताठ बसलीस आणि सही केलीस. खाली लिहिलंस, पोलीस हवालदार. त्याच्याखाली बक्कल नंबर. पंचनाम्यावर करतात तशी. मी म्हटलं, "ताई, चेंडूवर बक्कल नंबर?" तू म्हणालीस, "मग कळणार कसं कुठली वंदना ते? आपल्या जिल्ह्यात पोलिसातच आम्ही चार वंदना आहोत."

आणि मी तो चेंडू उचलून पुस्तकांच्या फळीवर ठेवला. उंच.

झालं, भांडण परत पेटलं. तू परत गेलीस तरी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुझी नजर माझ्या मागच्या फळीवर. "अजून वरच आहे का गं तो? पोरीचा चेंडू कोंडून घातलायस. कुठल्या कलमाखाली?" मी एकदा म्हटलं, "मग तू माझं पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून बैठकीच्या खोलीत का लावलंस? तेही काढ, वापर." तू क्षणभरही थांबली नाहीस. "ते काय तुझं हत्यार आहे का? तुझं हत्यार डोकं. ते चालवतीयस तोवर कागद राहू दे भिंतीवर."

ते सर्टिफिकेट. आपल्या घरातलं पहिलं. ते घ्यायला मी स्टेजवर चढले तेव्हा तू ड्युटीवरून सरळ खाकीत आली होतीस आणि गेटवरच्या वॉचमननं तुला सलाम ठोकला होता. सगळ्या पोरी विचारत होत्या, या मॅडम कोण? मी म्हटलं, "माझी बहीण." त्या दिवशी गाऊन माझ्या अंगावर होता, पण बघत सगळे तुझ्याकडं होते. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. आज विचारशील तर फार बरं वाटलं होतं, असं सांगेन.

तू गेल्यावर विट्याला आले, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता. "तिनं तुझ्यासाठी केवढा त्याग केला. स्वतः बारावीवर थांबली आणि तुला शिकवलं." मी मान हलवत होते, पण आतून राग येत होता. त्यांनी तुला भरतीच्या मैदानावर पळताना बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं, कुंपणाला लटकून. शेवटच्या वळणावर तू जी काही सुटलीस, तिला त्याग म्हणत नाहीत. तुला ती खाकी हवी होती. खेळाडू कोट्यात नाव लागलं तेव्हा तू अख्ख्या गल्लीला पेढे वाटलेस आणि मला म्हणालीस, "आता तू तुझं मैदान मार." मी मारलं. आपण दोघींनी मारलं. तुला बिचारी करायला मी कुणाला परवानगी देणार नाही.

तरी एक राहिलंच. तुला कॉलेजला जावंसं वाटलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. विचारलं असतं तर तू काही तरी चेष्टा करून विषय बदलला असतास, एवढं मला माहीत आहे. पण त्या चेष्टेवरून मला कळलं असतं.

आणि भांडणातलं माझं उत्तरही राहिलं. फ्रेमच्या त्या वाक्यानंतर मी आठवडाभर विचार केला होता आणि उत्तर तयार होतं. रविवारी म्हणणार होते, "कागद जळाला तर विद्यापीठ दुसरा देईल. तुझी सही दुसरी कोण देणार?" हसत हसत म्हणणार होते. तू निरुत्तर झाली असतीस, आयुष्यात पहिल्यांदा. तो रविवार आलाच नाही. आता हे वाक्य माझ्याकडं पडून आहे आणि ते अगदी खरं झालंय, म्हणून ते मला नकोसं झालंय.

तर नवमीच्या संध्याकाळी पूजा झाली. चारही चेंडूंवर मी हळदीकुंकवाची बोटं उमटवली, ओलीच, आईसारखी. पांढऱ्यावर उमटवताना हात जरा बाजूला नेला, सही सोडून. मीरा बघत होती. म्हटलं, "मीरा, योआखिमनं काचेच्या कपाटात जागा केलीय. मावशीचा चेंडू तिथं सगळ्यांना दिसेल. कायमचा."

ती जर्मनमध्ये म्हणाली, "पण तो तुझा नाहीये, आई. मावशीनं मला विचारलं होतं, नाव काय लिहू. तू तेव्हा चहा करत होतीस." आणि तिनं चेंडू न उचलता, नुसता मान वाकडी करून, त्याची खालची बाजू मला दाखवली. शिवणीला चिकटून बारीक अक्षरात तू लिहिलं होतंस, मीरास. इतके महिने तो फळीवर होता, पण मी तो कधी फिरवून बघितला नव्हता. आणि पोरगी, पूजलेल्या चेंडूला आज हात लावायचा नाही म्हणून, मान वाकडी करून दाखवत होती. हा नियम तिला मी शिकवलेला नाही.

मग प्रश्न सोपा झाला. तू ठाण्यात पहिलं काय विचारायचीस? मुद्देमाल कुणाचा. तीन चेंडू माझे, त्यांचं काय करायचं ते मी ठरवणार. चौथा माझा नव्हताच.

माझे तीन कपाटात गेले, ताई. दसऱ्याला सकाळीच मी ते योआखिमकडं दिले. त्यानं विचारलं, "या खेळाडू प्रसिद्ध होत्या का?" मी म्हटलं, "विट्यात, हो." तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, मग झाल्याच." हळदीचा डाग बघून तो फडकं शोधायला लागला. मी म्हटलं, पुसायचा नाही, तोही सहीच आहे, आमच्या आईची. पाटी मी स्वतः जर्मनमध्ये लिहिली, एकही चूक न करता. गावाचं नाव लिहिलं, सगळ्या मुलींची नावं लिहिली, कागलच्या कॅचरचं आडनाव हळदीत गेलंय म्हणून नुसतं पहिलं लिहिलं. आणि शिवण कुणी घातली तेही लिहिलं. तू म्हणायचीस, ती कॅचर आता पिठाची गिरणी चालवते, तिला सांगितलंस जर्मनीत तुझी सही जपून ठेवलीय, तर ती म्हणेल, बरं, दळण ठेवून जा. म्हणू दे. सही आहेच. इतकी वर्षं जपलं ते बरोबर केलं, आणि या बाबतीत तू चुकत होतीस. हे मी काचेसमोर उभी राहून मोठ्यानं बोलले. मराठीत, त्यामुळे अडचण आली नाही.

पांढरा मीरानं टाकला. रात्री पाऊस झाला होता, मैदान चिखलाचं, आणि टाकायच्या आधीच तो एकदा तिच्या हातून चिखलात पडला होता. तिच्या टीमची कॅचर आजारी होती, तर योआखिमनं मला समोर बसवलं. ग्लव्ह आणायला तो आत गेला, पण मीराला कुठला दम निघतोय. तिनं हात मागं घेतला, अगदी तुझ्यासारखा, खांदा आधी आणि मनगट शेवटी. मी नुसत्या हातांनी धरला.

किती लागतं गं. हे तू कधी सांगितलं नव्हतंस.

चेंडू परत टाकण्याआधी बघितलं. हुद्दा चिखलात गेला होता, सही अर्धीच उरली होती. माझ्या लाल तळव्यावर हळदकुंकू उतरलं होतं. बक्कल नंबर मात्र अजून वाचता येत होता. थंडीभर हॉलमध्ये टाकून टाकून वसंतापर्यंत तोही जाईल. जाऊ दे. तळवा झटकला आणि चेंडू पोरीकडं परत टाकला.

"नोखमाल," मी म्हटलं.